आमच्या घरावरच्या लाल ठिपक्यांचा खुलासा

आंधळगाव, तालुका मोहाडी
तान्ह्या पोळ्याचा दिवस

श्रीमान इश्वरजी निमजे साहेब, मुक्काम कारधा, यांना आंधळगावच्या खेमराज सोनकुसरेचा दोन्ही हात जोडून आणि मान खाली घालून नमस्कार. (पहिल्यांदा 'व्याहीबुवा' लिहिलं होतं, मग ते खोडलं. तो शब्द लिहायचा हक्क माझ्याजवळ राहिला की नाही, हे अजून आपल्या तोंडून कळलं नाही. खोडलेलं वाचता येते म्हणून कागद बदलावा असंही वाटलं, पण म्हटलं राहू द्या.)

आपली तब्येत कशी आहे? आपल्या आईंच्या गुडघ्यांना त्या तेलानं आराम पडला का? वैनगंगेचं पाणी आता उतरलं असेल. मागे पूल बुडतो की काय अशी बातमी आली तेव्हा जीव खालीवर झाला होता. फोन करून विचारणार होतो, पण कोणत्या तोंडानं करावा? स्वातीबेटीला ताप होता आणि आता ती उठून बसली, असं तिकडून आलेल्या सुताच्या व्यापाऱ्याकडून कळलं. ताप कोणता होता ते त्याला सांगता आलं नाही, आणि ऐकल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही. हे पत्र लिहायला बसलो त्याचं कारण तो तापच समजा. इकडे आम्ही सगळे शरीरानं ठीक आहोत.

फोन सोडून पत्र काहून, असं आपण म्हणाल. तर माझा मोबाईल सध्या आमच्या भूषणच्या आईच्या लोखंडी आलमारीत, तिच्या लग्नातल्या शालूखाली कुलपात आहे. चावी तिच्या कमरेला असते. तिचं म्हणणं असं की ज्या माणसाच्या हातात मोबाईल गेल्यावर घराची अशी दशा होते, त्याच्या हातात मागावरचा धोटाच बरा. मी मोबाईल काढून तिच्या हातात ठेवला. हल्ली मला घरात कोणी काही विचारत नाही. (पत्र शुद्ध भाषेत लिहायचं ठरवलं आहे. मध्येच आपली बोली घुसली तर समजून घ्या, लाज वाटली की माणसाची भाषा सुटते.)

आता झालेली हकीकत पहिल्यापासून सांगतो. आम्ही कारध्याला मुलगी पाहायला आलो, आपण पाटवडीचा रस्सा वाढला, मी लाजेकाजेस्तव नाही नाही म्हणत तीनदा घेतला, स्वातीबेटी आम्हाला पसंत पडली आणि भूषण परतीच्या वाटेवर गाडीत गाणं गुणगुणला. हा पोरगा मागावर बसून दिवस दिवस तोंड उघडत नाही, तो गुणगुणला म्हणून त्याच्या आईनं मला कोपरानं ढोसलं होतं. मग आपण रीतीप्रमाणे घर पाहायला येतो म्हणाले आणि नागपंचमी झाल्यावरचा रविवार ठरला. इथून माझी बुद्धी फिरायला लागली.

त्याचं असं झालं की आमची गल्ली मी जन्मापासून पाहतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहिली. समोरची नाली तुंबलेली. शेजारच्या सोमाजीच्या दारात ट्रॅक्टरचा जुना टायर, त्यात पावसाचं पाणी. पलीकडे केशरबाईचा निळा ड्रम, त्याला झाकण नाही. मला वाटलं, इश्वरजी गाडीतून उतरतील आणि पहिला पाय याच्यात पडेल. तितक्यात पंचायतीच्या सभेत आम्हाला सांगितलं गेलं की गावाच्या आरोग्यासाठी सरकारनं इंटरनेटवर 'परिसर आरोग्य' नावाचं पान काढलं आहे. घाण दिसली, डास दिसले, पाणी साचलेलं दिसलं, की फोटो काढायचा आणि त्या पानावर पाठवायचा. नकाशावर त्या जागी लाल ठिपका येतो आणि सफाई झाली की तो हिरवा होतो. पानावर आणखीही पुष्कळ होतं. कोणत्या विहिरीचं पाणी तपासलं, फवारणी कधी, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून घरातली सगळी भांडी कशी रिकामी करून घासायची, कूलर कसा पुसायचा. ते सगळं मी वर सरकवून टाकलं. मला वाटलं ते दुसऱ्या लोकांसाठी आहे.

पहिला फोटो मी समोरच्या नालीचा पाठवला. दोन-तीन दिवसांत माणसं फावडं घेऊन आली, नाली साफ, ठिपका हिरवा. इश्वरजी, तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला त्याची नशाच चढली. चाळीस वर्षं या गावात कोशाच्या रेशमी साड्या विणतो, सरपंचानं कधी माझ्या सांगण्यावरून एक गोटा हलवला नाही, आणि इथं बोटानं दाबलं की फावडं हजर. मग मी मोबाईल घेऊन गावभर फिरायला लागलो. सोमाजीचा टायर, केशरबाईचा ड्रम, कोणाच्या छतावरचं फुटकं मडकं, कोणाच्या कुंडीतली थाळी, हापशीजवळचा खड्डा. वाकून वाकून फोटो काढले. भूषणची आई म्हणाली, "गावभर काय हुंगत फिरून राहिले जी तुम्ही?" मी म्हणालो, पाहुण्यांसाठी करतो आहे. आणि ते खरंच होतं, हे आपण कृपया लक्षात ठेवा.

आता माझी चूक कुठं झाली ते पाहा. आमच्या गल्लीत नेटवर्क धड कुठं येत नाही. ते येते फक्त आमच्या छपरीत, मागाच्या डाव्या हाताला, खिडकीपाशी. (तिथं बसलं की नागपूरचा व्यापारीसुद्धा स्पष्ट ऐकू येतो. तिथून एक हात सरकलं की घरचं माणूस ऐकू येत नाही.) म्हणून मी दिवसभर फोटो काढून ठेवत असे आणि संध्याकाळी चहा घेऊन, खिडकीपाशी पाट टाकून, एकामागून एक सगळे पाठवत असे. पानावर सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की फोटो त्याच जागेवर उभं राहून पाठवा, कारण ज्या जागेवरून पाठवाल ती जागा नकाशावर धरली जाईल. ते मी वाचलं होतं. पण अशा सूचना तंबाखूच्या पुडीवरही असतात, त्या कोण मनावर घेते?

तर सोमाजीचा टायर आमच्या घरावर लागला. केशरबाईचा ड्रम आमच्या घरावर लागला. मडकं, थाळी, खड्डा, सगळं आमच्या घरावर. आणि मला कळलं नाही असं नाही, कळलं पण उलटं कळलं. नकाशा उघडला की आमच्या घरावर एक मोठा लाल ठिपका आणि त्यात आकडा दिसे. मी समजलो हा माझा मान आहे, जो नागरिक जास्त तक्रारी करतो त्याच्या घरावर सरकार असा दिवा लावत असेल. रोज आकडा वाढे आणि रोज मी खूष. सोमाजीला बोलावून दाखवला. तो बिचारा डोळ्याजवळ मोबाईल नेऊन म्हणाला की पूर्ण तालुक्यात इतका मोठा दुसऱ्या कोणाचाच नाही. मी त्याला चहा पाजला. त्याच्याच टायरचा फोटो त्या ठिपक्यात होता आणि मी त्याला चहा पाजत होतो, हे आठवलं की आताही मानेवर घाम येते.

पुढचं आपण स्वतः पाहिलं आहे, तरी माझ्या बाजूनं सांगतो. रविवारी आपण, काकू (स्वातीबेटीच्या आई), आपले साळे हेमराजजी आणि बाकी मंडळी आले. छपरीत सतरंजी टाकली होती. पाऊस उघडलेला, उकाडा असा की अंगाला कपडा नको. पाहुण्यांना गार वारा लागावा म्हणून उन्हाळ्यापासून खिडकीत बसलेला कूलर मी आपल्या हातानं चालू केला. टाकीत पाणी होतंच, वरून दोन बकेटा टाकल्या. पोहे आले. आपण मागावरच्या साडीचा काठ हातात धरून पाहिला आणि "काम साफ आहे जी," असं म्हणाले. तेवढ्यात दारात आरोग्यसेविका सरिताताई उभी, हातात टॉर्च आणि पांढरी बशी, मागं धुराचं मशीन घेतलेला माणूस. म्हणाली, नकाशावर सगळ्यात जास्त तक्रारी याच घरावर आहेत, म्हणून पहिला नंबर तुमचा.

मी तिला दुसऱ्या दिवशी ये म्हणून परत पाठवू शकत होतो. ती गेलीही असती. पण माझ्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. मला वाटलं, इतके चांगले पाहुणे बसले आहेत, घर किती साफ आहे हे सरकारच्याच तोंडून त्यांना ऐकू येऊ द्या. मी उठून म्हणालो, "पाहा ताई, सगळं पाहा, पाहुण्यांसमोर पाहा." तिनं हंडे पाहिले, साफ. रांजण पाहिला, साफ. न्हाणीतला ड्रम, रेशमाचे कोसे उकळायचा मोठा गंज, सगळं साफ. (हे सगळं भूषणच्या आईचं काम. मी फक्त प्रत्येक भांड्यामागं आपल्याकडं पाहून मान हलवत होतो.) मग ती खिडकीशी थांबली आणि म्हणाली, "दादा, कूलर बंद करा जरा."

त्या कूलरमध्ये काय निघालं ते लिहायला हात धजत नाही, पण आपण पाहिलंच. सरिताताईची काही चूक नाही, तिला लोकांना अळी ओळखायला शिकवायचं असते. तिनं बशी सगळ्यांसमोर फिरवली. ही पाहा, अशी दिसते, अशी वळवळते, पाण्याच्या वर येऊन श्वास घेते. आमच्या पोह्यांच्या बशाही पांढऱ्याच, तितक्याच मोठ्या. काकूंनी हातातली बशी हळूच सतरंजीवर ठेवली, तेव्हा मला वाटलं जमीन फाटावी आणि मी त्यात कूलरसकट जावं. गावातल्या दोन डझन घरांत मी वाकून पाहिलं होतं, आणि ज्याच्या वाऱ्यात पाहुणे बसवले त्याच्यात एकदाही पाहिलं नव्हतं.

मग हेमराजजींनी मोबाईल काढला, ते पान उघडलं आणि आपल्या हातात दिलं. आमच्या घराच्या नावावर टायर, ड्रम, मडकं, खड्डा. आपण एकेक फोटो सरकवत गेले आणि एका फोटोवर थांबले. सिमेंटचं टाकं, शेवाळानं हिरवं झालेलं, वर तुटक्या लाल बकेटचं झाकण, पाण्यात पेरूची पानं सडलेली, बाजूला दोरीवर निळी साडी वाळत घातलेली. आपण ते पाहून म्हणाले, "अशा घरात पोरगी नाही देत जी मी." चहा ओतलेला तसाच राहिला. तितक्यात बाहेर धुराचं मशीन सुरू झालं, गल्ली पांढरी झाली आणि आपली गाडी कोणत्या बाजूला वळली तेही मला दिसलं नाही. मी दारात हात जोडून धुराला नमस्कार करत उभा होतो.

ती बातमी गावात पसरायला संध्याकाळ लागली नाही. प्रत्येकानं आपापल्या पोराकडून ते पान उघडून घेतलं आणि प्रत्येकाला आपापलं भांडं ओळखू आलं. कोणी भांडलं नाही, भांडले असते तर बरं वाटलं असतं. सोमाजी टायर गडगडवत घेऊन आला, आमच्या आंगणात आडवा केला आणि हात झटकून म्हणाला, "नकाशावर तुमचाच दाखवून राहिला, म्हणून आणून देल्ला." मग केशरबाई डोक्यावर ड्रम घेऊन आली. मग मडकं आलं, थाळी आली. खड्डा आणता येत नव्हता म्हणून तेवढा तिथंच राहिला. सगळं ओतलं, घासलं, उन्हात पालथं घातलं आणि दुसऱ्या दिवशी ज्याचं त्याच्या घरी नेऊन दिलं, प्रत्येकाच्या दारात माफी मागितली. आता दर कोरड्या दिवशी मी गल्लीतल्या घरांत जाऊन भांडी ओतायला हात लावतो. केशरबाईनं मागच्या खेपेला बसायला पाट दिला. सोमाजी अजून देत नाही.

पण गावाचं काय, गाव विसरून जाते. भूषण विसरत नाही. तो मला रागानं काही बोलला नाही, तो फक्त पुन्हा पहिल्यासारखा गप झाला आहे. ताट घेऊन मागाजवळ जाऊन बसते आणि तिकडं तोंड करून जेवते. त्याच्या पाठीकडं पाहिलं की लाज वाटते मले, इश्वरजी, खूप लाज वाटते. त्याचा कूलर नव्हता, त्याचा मोबाईल नव्हता, त्यानं एकाही घरात डोकावून पाहिलं नाही. मूर्खपणा बापाचा आणि गाणं बंद पोराचं. म्हणून माझं एवढंच मागणं आहे की आपण मला जे म्हणायचं ते म्हणा, चार माणसांत म्हणा, पण पोराला माझ्यावरून मापू नका. घर पुन्हा पाहायला या, न सांगता या. होय असेल तर पितृपाट, म्हणजे पितृपंधरवडा, लागायच्या आत कळवा, आणि नाही असेल तरी कळवा, म्हणजे तो वाट पाहणं तरी सोडेल.

आईंना दंडवत, काकूंना नमस्कार, स्वातीबेटीला आशीर्वाद. तिला काही दिवस विसावा घेऊ द्या.

आपला लाजलेला,
खेमराज सोनकुसरे

ता. क. – पत्र चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. एक गोष्ट लिहायची नाही असं ठरवलं होतं, पण स्वातीबेटीच्या तापाचं ऐकल्यापासून ती आत राहत नाही. ज्या टाक्याच्या फोटोवर आपण थांबले, ते टाकं आमचं नाही. आंधळगावातलंही नाही. रविवारचं आमंत्रण द्यायला मी पुन्हा कारध्याला आलो तेव्हा जेवणानंतर हात धुवायला म्हणून आपल्या घरामागच्या सांदवाडीत गेलो होतो. तिथं पेरूच्या झाडाखाली ते दिसलं, आणि सवयीनं हात खिशात गेला. घरी येऊन बाकीच्यांबरोबर तोही पाठवला. ज्या घरी तीनदा रस्सा घेतला त्याच घराच्या मागं जाऊन फोटो काढला, याच्याइतकं हलकं काम माझ्या हातून कधी झालं नाही. त्या रविवारी मी बोललो नाही, कारण आपण इतक्या माणसांसमोर उभे होते. भूषणच्या आईलाही सांगितलं नाही. लग्न जुळो न जुळो, पण हात जोडतो, हे पत्र वाचून होताच मागं जा आणि ते टाकं पालथं करा. पालथं होत नसेल तर बकेटीनं उपसा, घासा, वर कपडा बांधा.

ता. क. २ – त्या पानाच्या कचेरीत जाऊन आलो. ते म्हणाले, चुकीचे ठिपके खऱ्या जागी सरकवून देतो, कोणता फोटो कुठला तेवढं सांगा. सगळे सांगितले. तो एक सांगितला नाही. आमचाच आहे म्हणालो. आता नकाशावर आमच्या घरावर एक लाल ठिपका तेवढा आहे, तो असू द्या. आपण टाकं साफ केलं की मला कळवा, मी तो हिरवा करून घेईन.

ता. क. ३ – मी भूषणची आई, निर्मला. यायनं पत्र पाकिटात घालून मले डिंक मागितला, मी वाचून घेतलं. मले सांगितलं नाही म्हणतात, पण मले पहिलेच माहीत होतं. यायचा मोबाईल माह्या आलमारीत वाजला (आलमारी छपरीतल्या त्याच खिडकीले लागून आहे), उचलला तं तुमची स्वाती. तापात पडल्या पडल्या तिनं ते पान पाहिलं अन् आपली निळी साडी ओळखली. रडून राहिली होती. म्हणे, "आई, ते टाकं आमचं आहे. बाबाले नका सांगू, त्यायले लाज वाटंन." सांगू नका म्हणली म्हणून मी सांगत नाही, लिहून राहिली. टाकं तिनं उठल्या उठल्या घासलं, आता त्याच्यात सोडाले अळ्या खाणारे गप्पी मासे पाहिजे म्हणे. ते इथं सरिताताईजवळ फुकट भेटतात. भूषण रविवारी बरणीत घेऊन येऊन राहिला. मासे उतरवून घ्या, पोराले जेवू घाला, अन् दोघायच्या साक्षगंधाची तारीख त्याच्याच हाती पाठवा. पोरगी मले आई म्हणून चुकली आहे जी, आता माह्यानं नाही म्हणवत नाही.